शेहेचाळीस नंबर

आमच्या गावात कॉफीघरं दोन.
एकाच्या खुर्च्या हिरव्या, दुसऱ्याच्या निळ्या,
मधे माझं केस कापायचं दुकान. खुर्ची एकच,
तिचा रंग केव्हाच उडालाय.
सायप्रसच्या नकाशात गाव शोधू नका,
टिंबाएवढी शाई कोण वाया घालवतो.

हिरव्यात बसतात ते डावे :
हिरवा संघ, हिरवे मफलर, भिंतीवर संपाचा जुना फोटो.
निळ्यात बसतात ते उजवे :
निळा संघ, निळे मफलर, भिंतीवर दाढीवाला बिशप.
(दाढी जरा कमी करायला हवी. पण मला कोण विचारतो.)
ब्रँडीसुद्धा वेगळी.
द्राक्षं त्याच डोंगराची,
पण बाटली चुकली की पाहुणा पुन्हा येत नाही.

मुलाचं नाव ठेवायला पाद्री थांबतो,
संघ मात्र त्याच दिवशी ठरतो.
पुढे अठरा वर्षांनी मतपत्रिका हाती येते,
पेन्सिल नुसती गिरवते.

मानेवर वस्तरा असला की माणूस खरं बोलतो म्हणतात.
चाळीस वर्षं माना धरतोय, सांगतो :
मानेवर वस्तरा असला की माणूस
रविवारचा स्कोअर बोलतो.

थेओग्नोसिया हिरव्या घरातून निळ्या घरात सून म्हणून गेली.
रविवारी स्वयंपाकघरात रेडिओ,
मुंगीला ऐकू जाईल एवढा.
हिरव्यांनी गोल केला की तिच्या हातून बशी पडायची.
सासू म्हणायची, धांदरट आहे.
चांगल्या हंगामात घरात बश्या उरायच्या नाहीत.
मत कुणाला देते,
ते बश्यांनाही कळलं नाही.

आणि लोइझोस.
सात वर्षांचा असताना सामना जिंकल्यावर
हिरव्यांच्या गोलकीपरनं, कालिसनं,
त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली.
त्या उंचीवरून त्याला समुद्र दिसला म्हणे.
(इथून समुद्र दिसत नाही.)
मग कालिस वाचतो तो पेपर,
कालिस जातो ती सभा,
मग युनियन, मग खाणीतला संप,
दोनदा नोकरी गेली, एकदा दात गेला.
धाकटा भाऊ एव्हागोरास त्या रविवारी
गोवर येऊन घरी पडला होता.
तो निळ्या खुर्चीत बसतो.
दोघे अकरा वर्षं बोलले नाहीत,
आईच्या दफनाच्या दिवशीही
फावडं एकमेकांच्या हातात दिलं नाही,
मातीत रोवून ठेवलं, दुसऱ्यानं उपटून घेतलं.

कालिस आता वृद्धाश्रमात असतो.
महिन्यातून एकदा मी त्याची दाढी करायला जातो.
गेल्या महिन्यात लोइझोस सोबत आला,
कडक इस्त्रीचा शर्ट, हातात अंजिरं.
म्हणाला, कालिस, एक विचारायचं राहिलंय.
तू डावा कसा झालास?

डावा? कालिस म्हणाला. मी उजव्या पायाचा.

नाही, म्हणजे पक्ष. संघ. आपला संघ.

हां. ते होय.
आधी निळ्यांकडे गेलो होतो रे.
त्यांच्या कपाटात बूट चव्वेचाळीसपर्यंतच.
माझा नंबर शेहेचाळीस.
हिरव्यांकडे एक जोड होता, कुणी वारला होता त्याचा.

साबणाचा फेस त्याच्या कानाजवळ सुकत होता.
लोइझोसनं अंजिरं खिडकीत ठेवली,
मग उचलली, मग पुन्हा ठेवली.
परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाला,
उकडतंय.
तेवढंच.

माझा नंबर एक्केचाळीस.
मला कुणाचेही बसले असते.

काल रविवार.
लोइझोस आपल्या हिरव्या खुर्चीत, नेहमीच्याच.
माझ्या खुर्चीत निळ्यांचे मास्तर,
एक गाल झालेला, एक राहिलेला.
अचानक उजवीकडनं की डावीकडनं,
भिंती हलतील असा ओरडा.
त्यात त्याचा आवाज होता का, मी कान दिला.

मास्तरांनी डोळे उघडले.
गोल कुणाचा?

मी म्हणालो,
हलू नका.